खडू जिथे कमी पडतो तिथून सुरुवात : गणित-विज्ञानाच्या तासाला नवं तंत्रज्ञान कसं आणावं

२०१५ साली राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर गावोगावच्या शाळांनी लोकवर्गणी काढून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब घेतले. त्यातले काही रोज चालतात, काही फक्त पाहुणे येणार असले की पुसले जातात. कारण सोपं आहे. ते यंत्र ‘डिजिटल शाळा’ व्हायची म्हणून आलं. नेमका कोणता घटक शिकवायला ते लागणार आहे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मग प्रशिक्षणात पन्नास ॲप दाखवतात, शिक्षक ती मोबाइलमध्ये उतरवून घेतात आणि सोमवारी पुन्हा खडू हातात घेतात. यात शिक्षकांचा आळस फारसा नसतो. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात पोर्शन पुढे सरकवायचा असतो, आणि न सरावलेलं साधन पहिली दहा मिनिटं खाऊन टाकतं.

हा लेख सहावी ते दहावीला गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी आहे. इथे ॲपची यादी फारशी मिळणार नाही. तीन साधनं घेऊ, पण ती तासाला प्रत्यक्ष कशी चालवायची आणि कुठे अडकतात तेही पाहू.

आधी पुस्तक आणि पेन्सिल

सुट्टीत किंवा एखाद्या ऑफ तासाला बालभारतीचं पाठ्यपुस्तक उघडा आणि प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न विचारा : इथे फळा कुठे कमी पडतो? उत्तर साधारण तीन जागी सापडतं. एक, जिथे काहीतरी सरकतं किंवा बदलतं आणि ते बदलताना बघणं हाच धडा असतो. दोन, जिथे गोष्ट फार लहान, फार मोठी किंवा फार झटपट घडणारी असते. तीन, जिथे बरीच मोजमापं हवीत आणि आपल्याकडे तेवढी उपकरणं किंवा वेळ नाही.

दहावीचं ‘वर्तुळ’ पहिल्या प्रकारात येतं, ‘गुरुत्वाकर्षण’मधलं मुक्त पतन दुसऱ्यात, नववीचं ‘धाराविद्युत’ तिसऱ्यात. उलट, वर्गसमीकरण सोडवण्याच्या पायऱ्या फळ्यावरच चांगल्या होतात. शिक्षकाचा हात ओळीओळीने पुढे जातो, मुलांचं पेन त्याच वेगाने चालतं; तयार स्लाइडवर हे साधत नाही. आणि जे टेबलावर करता येतं ते पडद्यावर दाखवू नये, याबाबत माझं मत ठाम आहे. लिटमसचा रंग बदलणं, चुनखडीवर आम्ल टाकल्यावर येणारा फेस, मॅग्नेशिअमच्या फितीचा लख्ख उजेड : यांचे व्हिडिओ मुलांना घरीही मिळतात, शाळेत त्यांना खरी वस्तू मिळायला हवी.

वर्षाला तीन किंवा चार घटक निवडा, जास्त नको. प्रत्येक घटकापुढे पुस्तकाच्या समासात मुलं हमखास काय चुकीचं समजतात ते लिहा. ‘जड वस्तू आधी पडते.’ ‘पहिला बल्ब थोडी धारा खातो, दुसऱ्याला उरलेली मिळते.’ साधन निवडताना हीच टिपणं कामाला येतात.

शाळेत काय आहे ते एकदा लावून बघा

शाळा सुटल्यावर अर्धा तास काढा. टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप लावला की काम सर्वांत भरवशाचं. मोबाइल केबलने टीव्हीला जोडायचा तर तो तसा चालतो का ते आधी तपासा, कारण टाइप-सीचं भोक असलेला प्रत्येक फोन चित्र बाहेर पाठवत नाही. बिनतारी पद्धतीने स्क्रीन दाखवायची असेल तर बहुधा टीव्ही आणि फोन एकाच वाय-फायवर किंवा हॉटस्पॉटवर लागतात, आणि दुपारी नेमकी रेंज जाते. म्हणून नियम असा ठेवा : जे तासाला लागणार ते आदल्या रात्री घरून उतरवून आणायचं. तासाला इंटरनेट मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी काम अडायला नको.

चित्र लागलं की शेवटच्या बाकावर जाऊन बसा. आकडे वाचता येतात का? बहुतेक वेळा येत नाहीत. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवता येतो, तो तेव्हाच वाढवून ठेवा. प्रोजेक्टर असेल तर खिडक्यांना जाड कापड लागेल; एलईडी टीव्हीला ती कटकट नाही, पण खिडकीसमोर ठेवलात तर मुलांना त्यात फक्त अंगण दिसेल.

इतकंच असेल आणि एकही नवीन ॲप शिकायची इच्छा नसेल, तरी एक गोष्ट उद्यापासून करता येते. प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टँडच्या पकडीत मोबाइल आडवा अडकवा, कॅमेरा खाली टेबलाकडे, आणि चित्र टीव्हीवर. मुलाची वही त्याखाली ठेवली की तिने किंवा त्याने सोडवलेलं उदाहरण सगळ्या वर्गाला दिसतं. एकाच गणिताच्या तीन वेगळ्या रीती नाव न सांगता एकापाठोपाठ दाखवा आणि ‘यातली कुठली छोटी, कुठली बरोबर?’ असं विचारा. गणिताच्या शिक्षकाला टीव्हीचा यापेक्षा चांगला उपयोग क्वचितच सापडेल. विज्ञानाला हीच मांडणी शेवग्याच्या फुलाचे भाग सोडवून दाखवायला चालते.

गणित : जिओजेब्रावर अंतर्लिखित कोन

जिओजेब्रा हे मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१-०२ च्या सुमारास सुरू केलेलं सॉफ्टवेअर. शाळेच्या वापरासाठी ते फुकट आहे, फोनवरही चालतं आणि एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही. त्यात शेकडो गोष्टी आहेत. आपल्याला सध्या पाचच अवजारं पुरतात : बिंदू, वर्तुळ, रेषाखंड, कोन आणि ओढायचा बाण.

दहावीचं प्रमेय घेऊ : अंतर्लिखित कोनाचं माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मं असतं. फळ्यावर आपण एक आकृती काढतो, आणि मुलांना वाटतं हे त्या एका आकृतीपुरतं आहे.

केंद्र ओ घेऊन एक वर्तुळ काढा. त्यावर ए आणि बी हे दोन बिंदू, आणि मोठ्या कंसावर सी. सीए, सीबी, ओए, ओबी हे रेषाखंड जोडा. कोन एओबी आणि कोन एसीबी मोजून दाखवा. बिंदू ओढून एओबी १०० अंशांवर आणा. सी पाशी ५० दिसेल.

इथेच पहिली अडचण येते, ती आधी माहीत असलेली बरी. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं. तुम्ही बिंदूंवर क्लिक उलट्या क्रमाने केलंत तर ५० च्या जागी ३१० अंश दिसतात. तासाला असं झालं की मुलं हसतात आणि शिक्षक घामाघूम होतो. उपाय दोन : क्रम बदलून पुन्हा क्लिक करा, किंवा दोन्ही कोनांच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ० ते १८० मध्येच दाखवायला सांगा. पुढे सी सरकवायचा आहे, म्हणून दुसरा उपाय बरा.

आता तासाचा गाभा. सी ला हात लावण्याआधी थांबा. ‘सी मोठ्या कंसावरून ए कडे सरकवला तर हा ५० वाढेल, कमी होईल की तसाच राहील?’ प्रत्येकाने वहीत उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचं. तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की पुढच्या बाकावरची चार मुलं उत्तर देतात आणि बाकीची त्यांच्या मागे जातात. दोन मिनिटं द्या. बरीच मुलं ‘वाढेल’ लिहितात, कारण त्रिकोण एका बाजूला कलताना दिसतो. मग सी ओढा. आकडा ५० वर अडून राहतो.

यानंतर सी ला ए च्या पलीकडे, लहान कंसावर घेऊन जा. कोन एकदम १३० होतो, आणि केंद्रापाशी अजून १००च दिसतात. ‘सर, नियम मोडला!’ अशी हाक येतेच. उत्तर देण्याची घाई करू नका. ‘आता हा कोन कुठला कंस पकडतोय ते बोटाने गिरवा.’ कुणीतरी समोर येऊन मोठा कंस गिरवतं, तो २६०, त्याचं निम्मं १३०. मघाशी ० ते १८० चं सेटिंग केलं होतं, त्यामुळे केंद्रापाशी २६० दिसलेच नव्हते. आणि ५० अधिक १३० म्हणजे १८०, हे फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवा. चक्रीय चौकोनाच्या प्रमेयाचा पुढचा तास तिथून सुरू होईल.

एवढं झालं की पालकांना दाखवायला छान व्हिडिओ होतो, पण परीक्षेत सिद्धता लिहावी लागते. सी कितीही सरकवला तरी काय बदलत नाही, असं विचारा. त्रिज्या बदलत नाहीत. मग ओसी हा रेषाखंड जोडा. दोन समद्विभुज त्रिकोण समोर येतात आणि सिद्धतेची अर्धी वाट मुलांना स्वतःच दिसते. इथून पडदा बंद करून खडू घ्या. पुढच्या ओळी फळ्यावर, वहीत, कारणांसह. शंभर जागी खरं दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे, हे गणिताच्या शिक्षकाने सांगायचंच असतं, आणि सांगण्यासाठी हाच क्षण योग्य.

या एका प्रमेयासाठी घरी दोन संध्याकाळी सराव पुरतो. पुढे निर्देशक भूमितीत रेषेचा चढ, नववीत त्रिकोणाचे संपात बिंदू, सातवी-आठवीत क्षेत्रफळं, याच अवजारांना एक-दोनांची जोड दिली की निघतात.

विज्ञान : फेटवरचा परिपथ, मग टेबलावरचा

कार्ल वायमन यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर २००२ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात फेट हा सिम्युलेशनचा, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचा, प्रकल्प सुरू केला. त्यातली बरीचशी सिम्युलेशन मराठीतही आहेत. प्रत्येक सिम्युलेशन एका फाइलच्या रूपात उतरवता येतं आणि ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडतं. पेनड्राइव्हवर दहा-बारा टाकून ठेवली की वर्षाचं काम झालं.

नववीच्या ‘धाराविद्युत’साठी परिपथ जोडणीचं सिम्युलेशन घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा एक बल्ब, मध्ये ॲमीटर : वाचन ०.९० अँपिअर. आता प्रश्न : तसाच आणखी एक बल्ब एकसर जोडणीत घातला, तर पहिल्या बल्बाच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्यानंतर ॲमीटर काय दाखवेल? तिन्ही आकडे वहीत लिहून घ्या. ‘०.९, ०.४५, ०’ असं लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात, आणि त्यांचा विचार अगदी सुसंगत असतो : बल्बने धारा वापरली, ती संपली. मग तिन्ही ठिकाणी मोजून दाखवा. सगळीकडे ०.४५. धारा कुणी खाल्ली नाही, रोध दुप्पट झाला म्हणून सगळीकडेच निम्मी झाली.

सिम्युलेशनमध्ये धारा इलेक्ट्रॉनच्या रूपात दाखवायची की संकेतमान्य दिशेच्या बाणांनी, हे निवडता येतं. सुरुवातीला निळे गोळे धावताना दिसतात आणि त्यांची दिशा पुस्तकातल्या बाणाच्या उलट असते. हे आधी सांगितलं नाही तर परीक्षेत बाण उलटे येतात. मुलांना बॅटरी शॉर्ट करून पडद्यावर आग लावायला फार आवडतं. एकदा लावू द्या, नाहीतर तासभर त्यांचं लक्ष तिथेच राहतं. आणि लगेच बजावा की घरातल्या प्लगमध्ये तार घालून असलं काही करायचं नाही. प्रयोग फक्त सेलवर.

इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. दुसऱ्या दिवशी दोन टॉर्चचे बल्ब, दोन सेल, तारा आणि प्रयोगशाळेतला ॲमीटर घेऊन तोच परिपथ टेबलावर जोडा. धारा तिन्ही ठिकाणी सारखी येईल, पण दुसरा बल्ब घातल्यावर ती अगदी निम्मी होणार नाही. का? पडद्यावरच्या साध्या बल्बाचा रोध कायम असतो; खऱ्या बल्बाची तार तापली की रोध वाढतो, दोन बल्बांत तार कमी तापते. सेलला स्वतःचाही थोडा रोध असतो. तारा नीट घासल्या नसतील तर सांधेही गडबड करतात. हा सगळा पसारा म्हणजेच विज्ञान. पडद्यावरची धारा नेहमी शहाण्यासारखी वागते, त्यामुळे फक्त पडद्यावर शिकलेल्या मुलाला खरा ॲमीटर बिघडलेला वाटतो.

नववी ते बारावीच्या प्रयोगांसाठी अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक यांचं ‘ओलॅब्ज’ हे ऑनलाइन प्रयोगशाळेचं संकेतस्थळही आहे. जिथे आम्ल, जिथे महागडं उपकरण, तिथे प्रयोगाआधी त्याची रीत समजावायला ते बरं.

फोन हेच उपकरण : अर्ध्या सेकंदाचं मोजमाप

फोनमध्ये ध्वनी, प्रकाश, चुंबकत्व, त्वरण मोजणारे संवेदक असतात. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्यांची वाचनं थेट दाखवतं. विज्ञानाच्या शिक्षकाने एकच ॲप घ्यायचं ठरवलं तर मी हेच सुचवेन.

दहावीच्या मुक्त पतनाला गुरुत्व त्वरण ९.८ आहे असं आपण सांगतो आणि मुलं लिहून घेतात. ते मोजूया. लागतं काय : एक फुगा, एक जाड नटबोल्ट, दोरा, टाचणी, स्टीलचं ताट आणि फोन. बोल्ट आखूड दोऱ्याने फुग्याला बांधा. बोल्टचा तळ ताटापासून बरोबर १.२५ मीटर उंच राहील असा फुगा धरा. फोनवर ध्वनी-स्टॉपवॉच लावा : पहिला आवाज झाला की ते सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. टाचणी टोचा. फट् झालं की सुरू, ताटात ठण् झालं की बंद.

आधी वर्गाचा पंखा बंद करा आणि आवाजाची उंबरठा-पातळी थोडी वाढवा, नाहीतर शेजारच्या वर्गातले पाढे घड्याळ सुरू करतील. फोन फुगा आणि ताट यांच्या साधारण मध्ये धरा. पत्र्याच्या छपरावर पाऊस चालू असेल तर हा बेत दुसऱ्या दिवशी.

वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येते. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, हे गणित मुलांकडून करून घ्या. वेळ ०.५० आली तर उत्तर १०.०, ०.५१ आली तर ९.६. एका शतांश सेकंदाने उत्तर एवढं हलतं! आता एका मुलाला हाताने स्टॉपवॉच चालवायला सांगा. डोळ्याने बघून बोट दाबेपर्यंत दोन दशांश सेकंद सहज जातात. समजा त्याला ०.७० मिळाले, तर गुरुत्व त्वरण ५.१ निघतं. मोजमापातली चूक म्हणजे काय, सरासरी का घ्यायची, दशांशानंतर किती आकडे लिहायचे, हे सगळे प्रश्न मुलांकडूनच येतात. मग दुसरा फुगा, त्याला दोन बोल्ट. ‘आता वेळ निम्मी होईल?’ अंदाज वहीत, मग टाचणी.

नववीच्या ध्वनीसाठी दोन फोन घ्या. दोन्हींवर हेच स्टॉपवॉच लावून ते एकमेकांपासून ५ मीटरवर ठेवा. पहिल्या फोनपाशी एकाने टाळी वाजवायची, थोडं थांबून दुसऱ्या फोनपाशी दुसऱ्याने. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ. तीस अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४९ मीटर असतो, म्हणजे फरक ०.०२९ सेकंदाच्या जवळपास यायला हवा. व्हरांड्यात करा, भिंतीपासून दूर.

आणि एक अगदी छोटं : टीव्हीच्या रिमोटचं पुढचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा बऱ्याच फोनवर लुकलुकताना दिसतो. दोन मिनिटांचा खेळ, पण दृश्य प्रकाशापलीकडे काहीतरी आहे यावर मुलांचा विश्वास बसतो.

साठ मुलं, एक पडदा

अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण हा क्रम वर तिन्ही ठिकाणी आला. मोठ्या वर्गात सगळ्यांचे अंदाज गोळा करणं अवघड जातं. त्यासाठी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे चार रंगांचे तुकडे प्रत्येक मुलाला द्या. पर्यायाप्रमाणे रंग एकदम वर, छातीपाशी धरायचा. तुम्हाला एका नजरेत कळतं की वर्ग कुठे अडलाय. निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालायला सांगून पुन्हा रंग दाखवायला लावा. ही कल्पना हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गांत रुजवली. आपल्या साठ-सत्तरच्या वर्गाला ती चपखल बसते.

यातच तंत्रज्ञान हवं असेल तर ‘प्लिकर्स’ आहे. प्रत्येक मुलाला छापील कार्ड, ते फिरवून ए, बी, सी, डी दाखवायचं, आणि शिक्षकाच्या फोनने वर्गावरून कॅमेरा फिरवला की नावानिशी उत्तरं नोंदली जातात. मुलांना फोन लागत नाही, पण तुमच्या फोनला नेट लागतं. कार्डं लॅमिनेट करू नका. चकाकीमुळे कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत.

टॅब पाच-सहाच असतील तर सगळ्या वर्गाला एकदम देण्यापेक्षा चारचा गट करा आणि कामं वाटून द्या : एक चालवणारा, एक नोंद करणारा, एक ‘का?’ विचारणारा, एक सांगणारा. दहा मिनिटांनी कामं बदला. नाहीतर टॅब ज्याच्या घरी मोबाइल आहे त्याच्याच हातात राहतो, आणि मुली मागून वाकून बघत राहतात. हे मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात घडतं, त्यामुळे ‘चालवणारा’ पहिल्या फेरीत मुलगीच असू द्या.

व्हिडिओ, क्यूआर कोड, एआय

‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं शैक्षणिक साहित्याचं व्यासपीठ २०१७ मध्ये आलं आणि पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून थेट त्यातलं साहित्य उघडू लागलं. ही कल्पना आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांच्यामुळे घरोघरी पोचली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. व्हिडिओबाबत एवढंच : स्वतः आधी पूर्ण बघा, त्यातली तीन-चार मिनिटं निवडा, आणि मध्ये थांबवून प्रश्न विचारा. वीस मिनिटांचा व्हिडिओ लावून हजेरीपट भरायचा असेल, तर तो तास शिकवण्याचा धरू नका.

चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबर अखेरीस आलं, आणि आता बरेच शिक्षक टाचण, प्रश्नपत्रिका त्याच्याकडून काढून घेतात. त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. ‘एकसर जोडणीबद्दल नववीची मुलं कोणत्या चुका करतात? प्रत्येक चुकीवर एक पर्याय येईल असे पाच बहुपर्यायी प्रश्न दे’, असं सांगा. चुकीचे पर्याय विचारपूर्वक लिहिणं हे आपलं सर्वांत वेळखाऊ काम असतं, त्यात त्याची चांगली मदत होते.

मात्र त्याने दिलेलं प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवल्याशिवाय वर्गात नेऊ नका. भिंगाच्या सूत्रात ऋण-धन चिन्हं बिनदिक्कत चुकतात, आणि उत्तर मात्र छातीठोकपणे दिलेलं असतं. मराठी मजकुरात हिंदी संज्ञा घुसतात : वस्तुमानाच्या जागी द्रव्यमान, रोधाच्या जागी प्रतिरोध, घनतेच्या जागी घनत्व, अपूर्णांकाच्या जागी भिन्न. मुलं तेच परीक्षेत लिहितात. म्हणून प्रश्न देतानाच पाठ्यपुस्तकातल्या संज्ञांची यादी सोबत चिकटवा. सेमीच्या वर्गाला हा त्रास कमी, त्यांची पुस्तकंच इंग्रजीत असतात.

मुलांची नावं, गुण, फोटो एआयमध्ये टाकू नका. तासाचे फोटो स्टेटसला ठेवण्याची हौस सगळ्यांनाच असते. पण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरून पालकांची संमती आवश्यक मानली आहे. फोटो काढायचाच तर प्रयोगाचा काढा, चेहऱ्यांचा नको.

वर्षाची मांडणी

जून-जुलैत फक्त वहीचा कॅमेरा आणि रंगीत पुठ्ठे. नव्या वर्गाची आणि तुमचीही सवय होते. साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस येतो. पुण्याला जुलैच्या अगदी शेवटी, विदर्भात आधी. वर्षातला दुसरा तसा दिवस मे महिन्यात. म्हणजे एक सुट्टीत आणि एक ढगांत! इथे ‘स्टेलॅरियम’ हे मोफत आकाशदर्शन सॉफ्टवेअर उपयोगी पडतं : आपलं गाव आणि तारीख घाला, माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येताना दाखवा. काठीची सावली मात्र ऊन पडेल त्या दिवशी मैदानात मोजायचीच.

ऑगस्ट ते दिवाळी एक साधन, एक घटक. दुसरं साधन दिवाळीनंतर. प्रत्येक वेळी टाचणात दोनच ओळी लिहा : मुलांचा अंदाज काय होता, आणि तासानंतर किती मुलांनी तो बदलला. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सादरीकरणाऐवजी फुगा आणि बोल्ट घेऊन जा, आणि फाइल पेनड्राइव्हवर इतरांना द्या. शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी तेच वापरलं तर अडचणींवर बोलायला कुणीतरी मिळतं. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते शुभेच्छांचे फोटो येतात, तिथे ३१० अंशांचं काय करायचं हे विचारून उपयोग नसतो.

वीज जाणारच, म्हणून प्रत्येक तासाला बिनविजेचा पर्याय आधी ठरवा. अंतर्लिखित कोनासाठी पुठ्ठ्यावर वर्तुळ, दोन टाचण्या आणि एक रबर बँड, कोनमापकाने मोजायचं. ध्वनीसाठी व्हरांड्यातली टाळी आणि प्रतिध्वनी. जानेवारी उलटला की दहावीच्या वर्गात नवीन काही सुरू करू नका. तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षेची उपकरणं बाहेर काढायची, आणि टीव्हीचा उपयोग फक्त सराव प्रश्नपत्रिकेतल्या उत्तरांच्या पायऱ्या मोठ्या करून दाखवण्यापुरता ठेवायचा.